सत्ताधारी आघाडी आणि विरोधक यांच्यातल्या वाटाघाटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सभागृहात दिवसभर आरडाओरडा चालतो आणि संध्याकाळी तेच लोक एका टेबलाला बसून बिलाची कलमं ठरवतात, हे पाहिलं की बऱ्याच जणांना फसवल्यासारखं वाटतं. म्हणून नेहमी येणारे प्रश्न एकत्र करून लिहितोय. उदाहरणं भारतातली आहेत आणि बाहेरचीही, कारण देश बदलला तरी ही गोष्ट चालते साधारण एकाच पद्धतीने.

विरोधकांशी वाटाघाटी म्हणजे शेवटी सेटिंगच ना?

नाही, आणि हा फरक नीट समजून घेतला पाहिजे. सेटिंग म्हणजे दोन नेत्यांनी आपापल्या फायद्याचं गुपचूप मिटवणं, कुणाची चौकशी थंड होते, कुणाला कुठलं पद मिळतं, आणि लोकांना त्यातलं काहीच कळत नाही. वाटाघाटीत कायद्याचं एखादं कलम बदलतं, समिती बसते, सभागृहाचा वेळ वाटून घेतला जातो, म्हणजे जे काही ठरलं ते शेवटी कागदावर येतं आणि कुणालाही वाचता येतं. बोलणी बंद दाराआड झाली म्हणून ती वाईट असं मी मानत नाही, पण निकालसुद्धा बंद दाराआडच राहिला तर मात्र संशय घ्यायलाच हवा.

बहुमत आहे तर सरकारने विरोधकांशी बोलायचंच कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. उत्तर असं की साधं बहुमत सगळीकडे पुरत नाही.

आपल्याकडे घटना दुरुस्ती करायची तर कलम ३६८ प्रमाणे दोन्ही सभागृहांत हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश आणि शिवाय एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं, काही दुरुस्त्यांना तर निम्म्या राज्यांच्या विधानसभांचीही मंजुरी लागते. जीएसटीचंच बघा. मे २०१५ मध्ये लोकसभेत बिल पास झालं पण राज्यसभेत एनडीएकडे आकडा नव्हता, त्यामुळे ते अडकलं. काँग्रेसच्या तीन मागण्या होत्या, एक टक्का जादा कर काढा, दराची १८ टक्क्यांची मर्यादा घटनेतच लिहा, आणि तंटे सोडवायला स्वतंत्र यंत्रणा ठेवा. वर्षभर चर्चा, निवड समिती, राज्यांच्या अर्थमंत्र्यांच्या बैठका असं सगळं चाललं आणि ३ ऑगस्ट २०१६ ला राज्यसभेत २०३ मतांनी बिल पास झालं, विरोधात एकही मत नाही, अण्णाद्रमुकने फक्त सभात्याग केला. एक टक्का कर गेला, १८ टक्क्यांची मर्यादा काही घटनेत आली नाही, आणि तंट्यांबद्दलचं कलम आधीपेक्षा पक्कं झालं. कुणालाच सगळं मिळालं नाही, पण मिळालं दोघांनाही. आणि हेही लक्षात ठेवा की त्याआधी यूपीए सरकार असताना याच कराला गुजरात आणि मध्य प्रदेशातली भाजप सरकारं विरोध करत होती, म्हणजे खुर्च्या बदलल्या की भूमिका बदलतात, पण आकड्यांचं गणित तेच राहतं.

त्याहून जुनं उदाहरण १९७८ चं. आणीबाणीनंतर जनता सरकार आलं, लोकसभेत जोरदार बहुमत, पण राज्यसभेत काँग्रेस. ४४ व्या घटनादुरुस्तीचं बिल राज्यसभेत गेलं तेव्हा काही कलमं गाळली गेली, घटनेच्या मूलभूत बाबी बदलायला जनमत घ्यावं अशी तरतूद त्यात होती ती गेली. जनता सरकारपुढे दोनच रस्ते होते, हट्ट धरून सगळं बिल घालवायचं किंवा उरलेलं घ्यायचं. त्यांनी उरलेलं घेतलं आणि मला वाटतं हा त्या सरकारचा सगळ्यात शहाणा निर्णय होता, कारण त्या उरलेल्यातच 'अंतर्गत अशांतता' या कारणाने आणीबाणी लावायची सोय संपली, तिथे 'सशस्त्र बंड' आलं, आणि आणीबाणीतही जगण्याचा हक्क निलंबित करता येणार नाही हे पक्कं झालं. आज आपण त्या तडजोडीवरच उभे आहोत.

आकड्याशिवाय दुसरी दोन कारणं म्हणजे वेळ आणि टिकाऊपणा. विरोधकांनी ठरवलं तर अधिवेशन वाया घालवू शकतात, आणि एकट्याने रेटलेला कायदा पुढचं सरकार आलं की पहिल्याच अधिवेशनात उलटू शकतं.

विरोधकांना यातून काय मिळतं? त्यांनी तर विरोध करायला हवा.

विरोध करायचाच, पण कलम बदलून घेणं हाही विरोधच आहे आणि बऱ्याचदा जास्त परिणामकारक. जर्मनीत २०२२ मध्ये तीन पक्षांच्या आघाडीने बेरोजगारांसाठी नवा भत्ता आणला. राज्यांच्या सभागृहात तो नोव्हेंबरमध्ये अडला कारण तिथे विरोधी सीडीयू-सीएसयूच्या राज्यांशिवाय बहुमत होत नव्हतं. मग प्रकरण मध्यस्थी समितीकडे गेलं, तिच्यात ३२ जण असतात, दोन्ही सभागृहांचे १६-१६. तिथे काय बदललं? भत्ता घेणाऱ्याची किती बचत हात न लावता राहू द्यायची ती मर्यादा ६० हजार युरोवरून ४० हजारांवर आली, ती बचत न तपासण्याचा काळ दोन वर्षांवरून एक वर्ष झाला, आणि सुरुवातीचे सहा महिने बहुतेक कारवाई न करण्याची सवलत रद्द झाली. त्याच महिन्यात कायदा पास. ही कपात योग्य होती का यावर वाद घाला, माझं मत ती गरिबांवर जरा कडकच झाली असं आहे, पण विरोधकांनी काय मिळवलं हे आकड्यात दाखवता आलं. नुसता सभात्याग केला असता तर यातलं काहीच हाती लागलं नसतं.

बाकी मागण्या नेहमीच्या असतात, संयुक्त संसदीय समिती द्या, अमुक विषयावर चर्चा लावा, बिल स्थायी समितीकडे पाठवा, उपाध्यक्षपद द्या, निलंबित खासदारांना परत घ्या.

एका पक्षाचं सरकार आणि आघाडीचं सरकार, वाटाघाटीत फरक काय पडतो?

खूप पडतो. आघाडी असली की सरकारच्या बाजूला एक माणूस नसतो, तीन-चार पक्ष असतात आणि प्रत्येकाचा मतदार वेगळा. त्यामुळे विरोधकांशी बोलण्याआधी घरातली वाटाघाट संपवावी लागते, आणि ती संपली नसेल तर मुख्य पक्षाने दिलेल्या शब्दाला काही किंमत राहत नाही. बातम्यांमध्ये सगळं लक्ष समोरच्या बाजूवर असतं, पण बहुतेक बोलणी मोडतात ती मित्रपक्षामुळे, निदान मला तरी वारंवार तेच दिसलंय.

पोलंड १९८९ बघा. कम्युनिस्ट सरकार आणि सॉलिडॅरिटी ही विरोधी कामगार चळवळ यांच्यात ६ फेब्रुवारी ते ५ एप्रिल गोलमेज चर्चा झाली आणि ठरलं की कनिष्ठ सभागृहातल्या ३५ टक्के जागांवर खुली निवडणूक, बाकी ६५ टक्के सरकारी आघाडीला, आणि नव्या सिनेटच्या १०० जागा पूर्ण खुल्या. सरकारला वाटलं सत्ता हातात राहील. जूनमध्ये सॉलिडॅरिटीने ३५ टक्क्यांतल्या सगळ्या १६१ जागा आणि सिनेटच्या ९९ जागा जिंकल्या. तरीही कागदावर बहुमत सरकारी आघाडीचंच होतं, पण त्या आघाडीत शेतकरी पक्ष आणि डेमोक्रॅटिक पक्ष असे दोन छोटे मित्र होते ज्यांना चाळीस वर्षं कुणी विचारलं नव्हतं, ते सरळ उठून सॉलिडॅरिटीकडे गेले आणि ऑगस्टमध्ये माझोवियेत्स्की पंतप्रधान झाले. वाटाघाटी करणाऱ्यांनी सगळं मोजलं होतं, मित्रपक्ष आपलेच राहतील हे मात्र गृहीत धरलं होतं.

बोलणी नेमकी होतात कुठे?

बऱ्याच ठिकाणी एकाच वेळी. अधिवेशनाआधी सर्वपक्षीय बैठक होते ती मुख्यतः आपापली यादी वाचून दाखवायला, तिथे फारसं काही ठरत नाही. कामकाज सल्लागार समितीत कुठल्या विषयाला किती तास ते ठरतं. खरं काम अध्यक्षांच्या किंवा सभापतींच्या दालनात, संसदीय कामकाज मंत्री आणि गटनेत्यांच्या फोनवर, आणि प्रतोदांच्या आपसातल्या बोलण्यात होतं. मोठा पेच असला की संसदेबाहेरची जागा शोधतात, पोलंडमध्ये अवघड मुद्दे वॉर्साजवळच्या मागदालेन्का इथल्या सरकारी बंगल्यात सुटायचे, तिथे चर्चचे लोक साक्षीला असायचे.

गुप्त कशाला? सगळं लाइव्ह दाखवा ना.

मागणी रास्त वाटते पण कॅमेरा लागला की प्रत्येकजण आपल्या कार्यकर्त्यांसाठी बोलतो, समोरच्यासाठी नाही. 'हे सोडलं तर तुम्ही ते सोडाल का' असं कॅमेऱ्यासमोर कुणी विचारत नाही, कारण उत्तर नाही आलं तर विचारणाऱ्याचंच नुकसान. दक्षिण आफ्रिकेत जून १९९२ मध्ये बोइपाटोंगच्या हत्याकांडानंतर एएनसीने, म्हणजे मंडेलांच्या पक्षाने, गोऱ्यांच्या सरकारशी अधिकृत बोलणी थांबवली, पण एएनसीचे सिरिल रामाफोसा आणि सरकारचे रोल्फ मेयर एकमेकांशी बोलत राहिले आणि त्यातूनच २६ सप्टेंबरचा समझोता झाला, पुढे १९९४ ची निवडणूक. ती एक वाट उघडी राहिली नसती तर रस्त्यावर किती माणसं मेली असती याचा विचार करवत नाही.

बैठकीत प्रत्यक्ष काय चालतं?

पहिला बराच वेळ कशावर बोलायचं आणि आधी काय घ्यायचं यातच जातो, आणि तो वाया जात नाही, कारण क्रमच पुष्कळदा निकाल ठरवतो. याचं माझ्या दृष्टीने सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण म्हणजे ट्युनिशिया, २०१३.

तिथे एन्नाहदा हा मोठा पक्ष आणि दोन छोटे पक्ष अशी तीन पक्षांची आघाडी सत्तेत होती. त्या वर्षी दोन विरोधी नेत्यांचे खून झाले, दुसरा २५ जुलैला मोहम्मद ब्राह्मी यांचा, आणि त्यानंतर विरोधी सदस्य देशाची नवी राज्यघटना लिहिणाऱ्या घटना समितीतून बाहेर पडले, रस्त्यावर मोर्चे सुरू झाले. विरोधक म्हणत होते आधी सरकारने राजीनामा द्यावा मग घटनेचं बघू. एन्नाहदा म्हणत होता आधी घटना पूर्ण होऊ दे मग राजीनामा. दोघांचीही भीती खरी होती, एकाला वाटत होतं हे खुर्ची सोडणारच नाहीत, दुसऱ्याला वाटत होतं आपण गेलो की हे घटनाच गुंडाळतील.

ऑगस्टमध्ये घटना समितीचे अध्यक्ष मुस्तफा बेन जाफर यांनी कामकाजच स्थगित केलं, आणि ते होते आघाडीतल्याच एका छोट्या पक्षाचे. म्हणजे दबाव आतून आला. मग कामगार संघटना, उद्योजकांची संघटना, मानवी हक्क लीग आणि वकिलांची संघटना या चौघांनी मध्यस्थी घेतली. त्यांनी काय केलं तर मुद्दे एकामागे एक ठेवलेच नाहीत, समांतर ठेवले: सरकारचा राजीनामा, घटना, निवडणूक आयोग, तिन्ही कामं एकाच वेळापत्रकात, एक पाऊल याचं एक पाऊल त्याचं. आणि अट अशी की टेबलाला बसायचं तर आधी या आराखड्यावर सही. ५ ऑक्टोबरला एन्नाहदाने सही केली, आघाडीतल्या दुसऱ्या छोट्या पक्षाने, खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाने, केली नाही. तरी गाडी पुढे गेली. मध्ये कितीदा अडलं, पंतप्रधान कोण यावर तर आठवडेच्या आठवडे गेले, पण जानेवारी २०१४ मध्ये पंतप्रधान अली लारायद पायउतार झाले आणि २६ जानेवारीला २१६ पैकी २०० मतांनी घटना मंजूर झाली. त्या चार संघटनांना २०१५ चं शांततेचं नोबेल मिळालं. पुढे तिथल्या लोकशाहीचं जे झालं ते वाईट झालं, २०२१ पासून एका माणसाच्या हातात सत्ता गेली, पण त्यामुळे त्या वाटाघाटींची किंमत कमी होत नाही.

मध्यस्थ कधी आणावा?

दोन्ही बाजूंना एकमेकांच्या शब्दावर विश्वास नसेल तेव्हा, आणि मध्यस्थाच्या हातात काहीतरी वजन असेल तरच. ट्युनिशियाच्या कामगार संघटनेकडे देशभर संप करायची ताकद होती म्हणून तिचं ऐकलं. केनियात डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर हजारावर माणसं मारली गेली तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान आले, आणि दोन्ही बाजूंच्या शिष्टमंडळांची बोलणी पुढे सरकेनात तेव्हा त्यांनी ती थांबवून थेट राष्ट्राध्यक्ष किबाकी आणि विरोधी नेते ओडिंगा यांना समोरासमोर बसवलं. २८ फेब्रुवारी २००८ ला करार झाला, पंतप्रधानपद नव्याने निर्माण करून ते ओडिंगांना दिलं. खालच्या लोकांना सही करायचा अधिकारच नसेल तर त्यांच्या शंभर बैठका घेऊन उपयोग नसतो.

विरोधक सरकारातच जाऊन बसले तर ते बरं की वाईट?

रक्त सांडत असेल तर बरं. एरवी माझं मत विरोधात आहे. केनियात दोन्ही बाजू सत्तेत आल्या, हिंसा थांबली, २०१० ची नवी घटना आली हे मोठंच, पण मंत्रिमंडळ प्रचंड फुगलं आणि संसदेत सरकारला जाब विचारणारं फारसं कुणी उरलं नाही. करार करायला सरकारात जावं लागत नाही. डेन्मार्कमध्ये अल्पमतातली सरकारं विरोधी पक्षांशी एकेका विषयावर लेखी करार करतात आणि त्या करारातल्या प्रत्येक पक्षाला नकाराधिकार असतो, म्हणजे सगळ्यांच्या संमतीशिवाय तो विषय बदलायचा नाही, सरकार बदललं तरीही. बाहेर पडायचं तर निवडणुकीआधी जाहीर करायचं. मला ही पद्धत फार आवडते.

बोलणी चालू असताना सरकारने बिल रेटलं तर?

तर बोलणी संपली असं समजा. इस्रायलमध्ये २०२३ मध्ये न्यायव्यवस्थेतल्या बदलांवरून लाखो लोक रस्त्यावर आले, २७ मार्चला नेतान्याहूंनी बिलं थांबवली आणि राष्ट्राध्यक्ष हर्झोग यांच्या निवासस्थानी चर्चा सुरू झाली. जूनमध्ये न्यायाधीश निवड समितीवरच्या सदस्यांवरून गाडी अडली, विरोधकांनी चर्चा थांबवली, आणि २४ जुलैला आघाडीने एक कायदा ६४ विरुद्ध शून्य असा पास केला, शून्य कारण विरोधकांनी मतदानावरच बहिष्कार टाकला होता. १ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो ८ विरुद्ध ७ ने रद्द केला. म्हणून चर्चा सुरू करतानाच लिहून घ्यावं की तोपर्यंत काय काय थांबवायचं, आणि किती दिवस.

विरोधकांनी अधिवेशन बंद पाडणं हा वाटाघाटीचा भाग आहे का?

आहे, पण महागडा. २०१० चं हिवाळी अधिवेशन टूजीवर संयुक्त संसदीय समिती हवी म्हणून जवळजवळ सगळं वाया गेलं, आणि सरकारने ती मागणी फेब्रुवारी २०११ मध्ये मान्य केली. तेव्हा मान्य करायचीच होती तर आधी का नाही, याचं उत्तर सरकारने द्यायला हवं होतं. पण दर अधिवेशनात हेच केलं तर प्रश्नोत्तराचा तास जातो, आणि सरकारला जाब विचारायची सगळ्यात चांगली जागा तीच आहे.

शब्द दिला आणि पाळला नाही तर काय?

कोर्टात जाता येत नाही. किंमत असते ती पुढच्या वेळच्या विश्वासाची. ब्रिटनमध्ये पेअरिंग नावाची पद्धत आहे, एका बाजूचा खासदार आजारपणामुळे किंवा बाळंतपणामुळे येऊ शकत नसेल तर दुसऱ्या बाजूचा एक जण मतदान करत नाही, म्हणजे हिशोब बरोबर राहतो. सगळं तोंडी. जुलै २०१८ मध्ये ब्रेक्झिटच्या महत्त्वाच्या मतदानात विरोधी खासदार जो स्विन्सन नुकत्याच बाळंत झाल्या होत्या म्हणून आल्या नाहीत, आणि त्यांच्याशी जोडलेले सत्ताधारी पक्षाचे ब्रँडन लुईस यांनी मात्र मत दिलं. सरकारने चूक झाली म्हणून माफी मागितली, पण तोंडी शब्दावरचा भरवसा गेला तो गेलाच, आणि २०१९ च्या सुरुवातीला नव्या आईबापांसाठी दुसऱ्याकरवी मत देण्याची सोय नियमातच आली.

चर्चा फिसकटली तर दोष कुणाचा?

सरकारचा जास्त, असं मी म्हणेन, कारण देण्यासारखं त्यांच्याकडेच असतं. जून २०२४ मध्ये लोकसभा अध्यक्षपदावर एकमत करायला राजनाथ सिंह खर्गेंशी बोलले, विरोधक म्हणाले पाठिंबा देतो पण उपाध्यक्षपद आम्हाला द्या. आत्ताच शब्द द्या विरुद्ध नंतर बघू, एवढ्यावर अडलं. ओम बिर्ला विरुद्ध के. सुरेश अशी लढत लागली आणि २६ जूनला आवाजी मतदानाने बिर्ला निवडून आले. २०१९ ते २०२४ च्या अख्ख्या लोकसभेत उपाध्यक्ष निवडलाच गेला नव्हता, अशा वेळी 'नंतर बघू' वर कोण विश्वास ठेवणार.

पण कधीकधी सरकार इतकं कमकुवत असतं की त्याच्याशी करार करण्यात अर्थच नसतो. ब्रिटनमध्ये २०१९ च्या एप्रिल-मेमध्ये पंतप्रधान थेरेसा मे आणि विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांच्या पक्षांत ब्रेक्झिटवर सहा आठवडे बोलणी झाली, १७ मे ला कॉर्बिननी ती संपवली, कारण मे यांच्या जागी येणारा नेता हा करार पाळेल याची हमी कुणीच देऊ शकत नव्हतं. आठवड्याभरात मे यांनी राजीनामा जाहीर केला.

'चर्चा सकारात्मक झाली' असं दोन्ही बाजू सांगतात त्याचा अर्थ काय घ्यायचा?

एवढाच की अजून मोडलेली नाही. पुढच्या बैठकीची तारीख सांगितली का ते बघा, मसुदा एकमेकांना दिला का ते बघा, आणि आघाडीतल्या छोट्या पक्षांचे नेते त्या दिवशी काय बोलले ते शोधून वाचा. मोठे नेते हसत फोटो देत असतील आणि मित्रपक्ष गप्प असेल तर मी अजून काही ठरलेलं नाही असंच धरतो.